बाजार उघडा होता त्या दुपारी

१

"नका हो बाई, तुम्ही नका बघू," असं अण्णा म्हणत होते, पण इन्स्पेक्टर बाईंनी तोवर अर्धवट उचललेल्या शटरखालून आत पाऊल टाकलं होतं.

आडव्या गल्लीतलं ते कापडाचं दुकान. मालक दोन वर्षांपूर्वीच बिऱ्हाड गुंडाळून मोठ्या शहरात निघून गेलेला. आत लाकडी जिना, त्याची सर्वांत खालची पायरी तेवढी दगडाची, आणि त्या पायरीशी डोकं टेकून आकडेबुवा उताणे पडलेले. चष्मा फुटून बाजूला. डोक्याखालचं रक्त वाळून काळं पडलेलं.

आकडेबुवा म्हणजे जिल्ह्याच्या नियोजन कार्यालयातले सर्वेक्षण अधिकारी. जिल्ह्यात कुठला धंदा चालतो, कुठला बुडाला, किती घरांत चूल कशाच्या जोरावर पेटते, याचा आढावा लिहायचं काम. सायकलवरून दारोदार हिंडायचे. लोकांनी त्यांना हे नाव प्रेमाने दिलं नव्हतं. आपल्या घरची फाटकी चादर कुणी मोजून गेलेलं कुणाला आवडतं?

काल संध्याकाळी ते खोलीवर परतले नाहीत. सकाळी घरमालकिणीने बोंब ठोकली, हवालदारांना त्यांची सायकल या दुकानामागच्या बोळात सापडली. बंद पडलेल्या सगळ्या दुकानांच्या किल्ल्या व्यापारी मंडळाच्या अध्यक्षांकडे, म्हणजे औषधाचं दुकान चालवणाऱ्या अण्णांकडे. म्हणून अण्णा आले, कुलूप काढलं, हवालदारांनी प्रेत पाहून ठाण्यात कळवलं, आणि बाई येईपर्यंत बातमी बाजारभर झाली. आता अण्णा भिंतीला धरून उभे होते. ठेंगणा, टकला, उधारीवर औषधं देता देता म्हातारा झालेला माणूस.

बाईंनी दुकानभर नजर फिरवली. फळ्या रिकाम्या, पण कोपऱ्यात बुटांचे खोके, स्टीलचे दोन हंडे आणि निळ्या छत्र्यांची एक जुडी.

"कापडवाला छत्र्या कधीपासून विकायला लागला, अण्णा?"

"ठेवलं असेल कुणीतरी. रिकामी जागा दिसली की लोक सोडतात होय?"

तेवढ्यात फोन वाजला. वरिष्ठ साहेब.

"पडला असेल हो, बाई. जिना जुना. पाहुणे अजून विश्रामगृहावर आहेत. त्यांनी नाही म्हटलं तर या जिल्ह्याचं काय होईल, तुम्हाला मी सांगायला नको."

खरंच सांगायला नको होतं. कागद कारखाना बंद पडून तीन वर्षं झाली होती. आधी कारखाना गेला, मग कारखान्याच्या जिवावरची खानावळ, मग शिंपी, मग भांडीवाला, आणि बघता बघता बाजाराचे दात पडत गेले. आता पुठ्ठ्याची खोकी बनवणारी एक कंपनी जागा बघायला आली होती. काल दुपारी तिची माणसं बाजारातून पायी फिरून गेली. आज बाजार पुन्हा बंद होता. आकडेबुवांच्या दुखवट्यासाठी, असं सगळे म्हणत होते.

"साहेब," बाई म्हणाल्या, "पडलेला माणूस बाहेरून कुलूप लावत नाही."

२

"आणि पडलेला माणूस स्वतःची मलमपट्टीही करत नाही," सरकारी रुग्णालयातले डॉक्टर म्हणाले.

ते जरा तिरसट गृहस्थ होते. रुग्णालयात औषधं नाहीत, म्हणून सगळ्यांवर चिडलेले असायचे. त्यांनी बाईंना जवळ बोलावून दाखवलं. जखमेभोवतीचे केस नीट बाजूला केलेले, कातडीवर जंतुनाशकाचा पिवळट डाग, कपाळावर चिकटपट्टीचा चिकटा, जखमेत कापसाचे धागे.

"कुणीतरी पट्टी बांधली. सराईत हाताने बांधली. आणि नंतर ती सोडून घेतली."

"नंतर म्हणजे?"

"मेल्यावर. बाई, हा माणूस लगेच गेलेला नाही. दुपारी लागलं असेल तर दिवेलागणीपर्यंत तरी धुगधुगी होती."

"तुमच्याकडे आणला असता तर?"

डॉक्टरांनी हातमोजे काढून टोपलीत फेकले. "आमचे लोक अशा प्रश्नाला 'सांगता येत नाही' म्हणतात. मी सांगतो. वाचला असता. पाच मिनिटांच्या रस्त्यावर रुग्णालय आहे. कुणी आणलाच नाही."

दुपारी बाई जेवायला घरी गेल्या. नवऱ्याने पानं घेऊन ठेवली होती. तो कागद कारखान्यातला शिफ्ट मास्तर. यंत्राच्या रुळात सापडून डाव्या हाताची दोन बोटं अर्धी गेली, तरी मशीन त्याच्याइतकं कुणाचं ऐकायचं नाही, असं लोक सांगत. कारखाना बंद झाल्यावर पहिलं वर्ष तो रोज डबा घेऊन फाटकापाशी जाऊन बसायचा. दुसऱ्या वर्षी जायचा थांबला. मग दाढी करायचा थांबला, मग बोलायचा. सिगारेट परवडेना म्हणून सोडली आणि हिरव्या कागदातल्या पेपरमिंटच्या गोळ्या चघळत खिडकीपाशी बसून राहायला लागला. बाई ड्यूटीवरून परतताना दर वेळी जिना भीतभीत चढत. दार उघडल्यावर तो जागेवर दिसला की जीव भांड्यात पडायचा.

गेल्या महिन्यात खोक्यांच्या कंपनीची बातमी आली. कंपनीला शिफ्ट मास्तर लागतील, असं कुणीतरी म्हणालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना मोरीतून दाढीच्या साबणाचा वास आला. त्या तिथेच भिंतीला टेकून रडल्या होत्या. जिल्ह्याचं काय व्हायचं ते होवो, त्यांना तो दाढी केलेला चेहरा हवा होता.

"डॉक्टर काय म्हणाले?" नवऱ्याने विचारलं.

"बराच वेळ जिवंत होते म्हणे."

त्याचा आमटीचा डाव हवेतच राहिला. मग त्याने वाढलं, पाणी आणायला उठला आणि आतूनच म्हणाला, "जेव तू. मला भूक नाही."

३

विकास अधिकारी आपल्या खोलीत रंगीत माहितीपत्रकांच्या गठ्ठ्यामागे बसले होते. पंखा फिरत होता तरी घामाघूम.

"मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये," ते म्हणाले आणि लगेच बोलायला लागले. "पण त्यांनी जिल्ह्याची बदनामी चालवली होती हो! लिहितात काय, तर बाजारातली निम्मी दुकानं बंद. मी लिहिलंय 'उभरती बाजारपेठ'. शेवटी शब्दांत असतं सगळं. आणि काल संध्याकाळच्या बैठकीला ते पाहुण्यांसमोर बोलणार होते. मी म्हटलं, बोला, पण जरा सांभाळून. तर म्हणतात, आहे ते सांगणार."

"बैठकीला आले नाहीत, तेव्हा शोधलं नाहीत?"

"खरं सांगू? बरं वाटलं. देवच पावला म्हटलं." मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. दुपारभर ते पाहुण्यांच्या मागेपुढे करत होते. दोन्ही पाहुण्यांनी तसं सांगितलंही होतं.

शेठचं तसं नव्हतं. कागद कारखान्याचे हे मालक. कारखाना बुडाला, बंगला तरंगला. पाहुण्यांना कारखान्याची जमीन दाखवली आणि घरी जाऊन झोपलो, असं त्यांचं म्हणणं.

"जेवल्यावर मला झोप येते, हा काय गुन्हा झाला?"

"साक्षीदार?"

"झोपेला साक्षीदार असतो का हो, बाई?"

आकडेबुवांशी आढाव्यावरून त्यांची वाजली होती, हे त्यांनी नाकारलं नाही. काल सकाळी ते पित्ताची गोळी घ्यायला अण्णांच्या दुकानात गेले होते, हेही नाही. बाई उठल्या तसे शेठ स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "पण काल बाजार काय लखलखत होता! मी गाडीतून बघतच राहिलो. मी कारखाना बंद केल्यापासून हे लोक माझ्या नावाने बोटं मोडतात, सगळं बुडालं म्हणतात. कुठे काय बुडालंय? एकूण एक दुकान उघडं!"

बाई काल हमरस्त्याच्या नाक्यावर बंदोबस्ताला होत्या. बाजार त्यांनी पाहिलाच नव्हता.

अण्णा दुखवट्यामुळे अर्धं शटर ओढून दुकानात बसले होते. डोळे सुजलेले.

"किल्ल्या इथेच असतात." त्यांनी मागच्या भिंतीवरचा खिळा दाखवला. "काल सकाळी शेठ इथेच उभे होते. मी कुणावर आळ घेत नाही हं. मी आपला दिवसभर इथेच गल्ल्यावर. दुपारी पाहुण्यांतल्या त्या बाई घशाचं औषध मागायला आल्या होत्या, त्यांनाच विचारा."

हवालदारांनी विश्रामगृहावर फोन लावला. उत्तर नि:संशय होतं. औषधवाले दुकानात होते, पाहुण्या बाई स्वतः त्यांच्याशी बोलल्या, फार भला माणूस, असं म्हणाल्या.

बाईंनी वरिष्ठांना कळवलं. "शेठ?" साहेबांचा आवाज एकदम हलका झाला. "हरकत नाही. जमिनीवर त्याच्या भावाचीही सही चालते. धरा त्याला." कोपऱ्यावरच्या चहावाल्याने हवालदारांकडून पैसे घेतले नाहीत. शेठ आत जाणार म्हटल्यावर सगळ्या बाजाराला हायसं वाटलं होतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे तर काडीला लटकायला गर्दी झाली होती.

बाईंना मात्र डॉक्टरांची ती पिवळट कातडी दिसत होती. शेठ आणि मलमपट्टी? नवऱ्याची बोटं तुटली तेव्हा याच शेठने गाडीच्या गादीला रक्त लागेल म्हणून त्याला चालत रुग्णालयात पाठवलं होतं.

त्या उठल्या. "हवालदार, जीप काढा. फोनवरची साक्ष मला पुरत नाही."

४

पाहुण्या बाई सामान भरत होत्या. आवाज इतका बसलेला, की कान देऊन ऐकावं लागे.

"हो, मी गेले होते औषधाच्या दुकानात. बिचारा! एक साधी घशाची गोळी, पण त्याने एकूण एक खण उघडून पाहिला. सापडेचना. मला हसू यायला लागलं. शेवटी त्याने आपल्या खिशातून काढून दिली. वर पैसेही घेईना. म्हणाला, गरम पाणी पीत जा."

बाईंनी विचारलं, "चाळीस वर्षं दुकान चालवणाऱ्या माणसाला गोळी सापडली नाही?"

"चाळीस? चाळीस तर त्याचं वय असेल फार तर."

"आणखी काही वेगळं दिसलं का तुम्हाला बाजारात?" बाईंनी कसंबसं विचारलं.

"वेगळं असं नाही. तुमच्याकडे छत्र्या फार खपतात का? तीन दुकानांबाहेर सारख्याच निळ्या छत्र्या टांगलेल्या. आणि भांड्याच्या दुकानात बसलेली बाई मला हंड्याची किंमत सांगेना. नुसती हसत होती."

कापडाच्या दुकानातला तो कोपरा बाईंच्या डोळ्यांपुढे आला. बूट, हंडे, छत्र्या. बाजारातला थोडका माल. तोच या दुकानातून त्या दुकानात, मागच्या बोळातून, पाहुण्यांच्या एक पाऊल पुढे. आणि दुकानांत बसलेली माणसं? परक्या माणसाला काय कळणार! तो औषधाच्या दुकानात बसलेल्याला औषधवालाच म्हणणार. पाहुण्या बाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांनी औषधाचं दुकान पाहिलं होतं, अण्णांना पाहिलंच नव्हतं.

"कसा होता दिसायला, तो दुकानदार?"

"उंच. गुळगुळीत दाढी केलेली. डोळे प्रेमळ." पाहुण्या बाई आठवत थांबल्या. "हां, आणि डाव्या हाताची दोन बोटं अर्धी होती. गोळी देताना दिसली." त्यांनी पर्स उघडली. "दोन दिल्या होत्या. एक अजून तशीच आहे बघा."

हिरव्या कागदातली पेपरमिंट.

बाईंनी ती हातात घेतली. त्यांच्या घरात अशा गोळ्यांची अख्खी बरणी होती.

५

"अहो," बाई म्हणाल्या. टोपी त्यांनी डोक्यावरून काढली नव्हती. "काल दुपारी तुम्ही अण्णांच्या दुकानात बसला होतात."

नवरा खिडकीपाशी होता. त्याने वळून पाहिलं आणि नाकारायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"सगळेच बसलो होतो गं. अण्णा म्हणाले, बंद शटरं बघून पाहुणे आल्या पावली परत जातील. एक दुपार बाजार उघडा दिसला पाहिजे. चपलांच्या दुकानात सुतार बसला, भांड्याच्या दुकानात शाळेतल्या बाई. पाहुणे पुढे सरकले की मागून माल पुढच्या दुकानात. अण्णा सगळीकडे धावपळ करत होते, मग त्यांच्या दुकानात कोण बसणार? मी बसलो."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तू पोलीस. तुला सांगितलं तर तुला थांबवावं लागलं असतं."

"अण्णा दुकानात परत कधी आले?"

त्याने मान खिडकीकडे वळवली. बाईंना वाटलं, आत्ता इथून उठावं, जीपमध्ये बसावं आणि शेठला धरून आणावं. पेपरमिंटची गोळी एक त्या आणि एक पाहुण्या बाई, दोघींशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. पाहुण्या बाई संध्याकाळच्या गाडीने जाणार होत्या. नवरा बोलला नाही तर अण्णांविरुद्ध काही उभं राहत नव्हतं. आणि तो बोलला तर कंपनी जाणार, दाढीचा साबण जाणार, हा माणूस पुन्हा खिडकीपाशी जाऊन बसणार.

"एकदा आले," तो म्हणाला. "मागच्या दाराने. कापूस दे म्हणाले, पट्ट्या दे, ते पिवळं औषध दे. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, माल हलवताना कुणालातरी खरचटलंय."

"किती कापूस दिलात?"

"होता तेवढा. अख्खा गठ्ठा."

"खरचटल्याला?"

नवऱ्याने आपल्या अर्ध्या बोटांकडे पाहिलं. रक्त किती वाहिलं की कापूस किती लागतो, ते त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"अण्णांच्या बाहीला रक्त होतं," तो म्हणाला. "मी बघितलं. आणि खरचटलंय असं मी मनाला समजावलं. तेवढ्यात त्या बाई आल्या, मी त्यांना हसून 'या' म्हटलं. अगं, मी हसलो!" त्याचा आवाज फाटला. "मला ती नोकरी हवी होती. त्याच्यापुढे मला दुसरं काही दिसेना."

बाई त्याच्याजवळ गेल्या, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

"चप्पल घाला," त्या म्हणाल्या. "ठाण्यात यायचंय."

६

अण्णांनी अर्ध्या शटरखालून बाईंचे बूट पाहिले आणि ओळखलं असावं. ते उठले नाहीत.

"तुम्ही काल गल्ल्यावर नव्हता, अण्णा. दुसरंच कुणीतरी होतं. किल्ल्या तुमच्या, कापूस तुमचा, पट्टी बांधायला तुमचाच हात. आता तुम्ही सांगता की मी सांगू?"

"मी त्याला मारलं नाही, बाई."

"ढकललंत?"

"बॅग धरली होती त्याची. तो मागच्या बोळातून सायकलने येत होता. छत्र्या या दारातून त्या दारात जाताना बघितल्या, आणि कापडाच्या दुकानात शिरून थेट वर चढला. आम्ही तिथेच माल ठेवला होता. म्हणाला, अण्णा, हे काय सोंग आहे, मी आत्ता जाऊन पाहुण्यांना सांगतो. मी पाया पडलो त्याच्या. खरंच पडलो. तो जिना उतरायला लागला, मी बॅग धरली, त्याने हिसका दिला..." अण्णांनी तोंडावर हात धरला.

"शुद्ध होती?"

"होती. पाणी मागितलं. मी पाजलं. गाडी बोलवा म्हणाला."

"मग?"

"पाहुणे रस्त्यात होते ना! रुग्णवाहिका भोंगा वाजवत बाजारात आली असती तर संपलंच सगळं. मी त्याला म्हटलं, थोडं थांब बाबा, त्यांची पाठ वळू दे. नाडी चांगली होती. मी सारखा येऊन बघत होतो. कुणी आत जाऊ नये म्हणून जाताना कुलूप लावत होतो."

"आतल्या माणसाने आरडाओरडा केला नाही?"

"पहिल्यांदा केला," अण्णा म्हणाले. "मग नाही केला."

बाहेरच्या बाकावर बसलेल्या हवालदारांनी मान खाली घातली.

"पाहुणे काही हलेनात. एकेका दुकानात शिरून चौकशा करत बसले. शेवटी गेले, मी धावत आलो, तर... मग पट्टी सोडली. जिन्यावरून पडला असं वाटू दे म्हटलं. गेलेला तर गेलाच, निदान बाजार तरी जगू दे."

"तसं वाटावं म्हणून पट्टी सोडलीत, आणि बाहेर येऊन कुलूप लावलंत. का?"

अण्णांनी आपल्या हातांकडे बघितलं. "सवय. या ओळीतली झाडून सगळी दुकानं मीच बंद केली, बाई. एकेक जण किल्ली हातात देऊन रडत गेला. दुकानातून निघालो की कुलूप लावायचं, एवढंच हाताला माहीत."

"कापूस घेऊन पळताना तुम्हाला कुणी पाहिलं?"

"सगळ्यांनी पाहिलं." अण्णा प्रथमच बाईंच्या डोळ्यांत बघत म्हणाले. "विचारलं कुणीच नाही."

७

बाईंनी वरिष्ठांना फोन करून दोनच वाक्यं सांगितली. औषधवाल्याने कबुली दिली आहे. मुख्य साक्षीदार माझा नवरा आहे, तेव्हा हा तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्या. पलीकडून साहेब पुष्कळ बोलले. कंपनी, जिल्हा, मूर्खपणा, असे शब्द येत राहिले. ते संपल्यावर बाईंनी फोन ठेवला.

साक्षीवर सही करायला पाहुण्या बाई ठाण्यात आल्या. दाराशी बाकावर नवरा बसला होता. त्यांनी त्याला ओळखलं आणि चेहरा फुलला. "अरे, तुम्ही! तुमच्या गोळीने फार बरं वाटलं हो."

नवऱ्याने हात जोडले. त्याला वर बघवेना.

इन्स्पेक्टर बाईंनी त्यांना थोडक्यात सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पाहुण्या बाई ऐकता ऐकता खुर्चीत बसल्या. त्यांचा बसलेला आवाज आणखी खाली गेला.

"पण असं का केलं त्यांनी? आम्ही तर त्या सर्वेक्षण अधिकाऱ्यांचा आढावा वाचूनच इथे आलो होतो."

"कुठला आढावा?"

"त्यांनीच पाठवला होता आम्हाला. स्वतःहून. त्यात सगळं होतं. कारखाना बंद, दुकानं बंद, आणि कागदाचं काम येणारी शेकडो माणसं घरी बसून. आम्हाला तीच तर हवी होती. शिकलेले हात एका जागी, रिकामे, असे कुठे मिळतात? आमचे साहेब येतानाच म्हणत होते, जागा ठरल्यात जमा आहे." त्या थांबल्या. "बाजार बघितला आणि त्यांचं मन फिरलं. म्हणाले, आढावा चुकीचा दिसतोय, इथे तर जो तो आपल्या धंद्याला लागलेला आहे, आपल्याकडे कामाला येणार कोण? म्हणून तर आम्ही एकेका दुकानात शिरून विचारत होतो. सगळे म्हणाले, मस्त चाललंय. काल संध्याकाळीच साहेबांनी शेजारच्या जिल्ह्याला होकार कळवून टाकला."

पाहुण्या बाईंनी सही केली, बाहेर गाडी उभी होती, त्या निघाल्या. दारातून जाताना बाकाकडे बघायचं त्यांनी टाळलं.

"मलाही विचारलं होतं त्यांनी," नवरा म्हणाला. "गोळी घेताना. धंदा कसा आहे म्हणून. मी म्हटलं, झकास." मग तो बायकोकडे वळला. "म्हणजे गाडी बोलावली असती तरी चाललं असतं?"

"हो," बाई म्हणाल्या.

"भोंगा वाजवत?"

"हो."

हवालदारांनी खाकरून कागद पुढे ओढला. जबाब त्यांनीच घ्यायचा होता. त्यांनी नाव विचारलं, नवऱ्याने सांगितलं. वय विचारलं, सांगितलं.

"धंदा?"

तो अडला. खिडकीबाहेर रस्त्यापलीकडची शटरं दिसत होती, सगळी खाली. त्याने एकदा तिकडे बघितलं.

"आकडेबुवा घरी आले होते तेव्हा हेच विचारलं होतं," तो म्हणाला. "त्यांना मी खरं सांगितलं होतं. बेकार. तेच लिहा."

हवालदारांनी तेच लिहिलं. बाई टेबलामागून उठल्या आणि बाकावर नवऱ्याच्या शेजारी जाऊन बसल्या.